वेळ चुकली की वाया

नोव्हेंबर २०१८. जोधपूरकडून निघालेली गाडी चेन्नईच्या एग्मोर स्टेशनात आली आणि तिच्यातून उतरवलेले खोके अधिकाऱ्यांनी अडवले. आत मटण होतं, दोन टनांच्या आसपास. सोललेल्या धडांच्या शेपट्या जरा लांब दिसल्या. ‘हे कुत्र्याचं मांस’ असं कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता ते शहरभर झालं. बिर्याणीच्या हॉटेलांत गिऱ्हाईक ताटाकडे संशयानं पाहू लागलं. नमुने मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले. काही दिवसांनी निकाल आला: मांस शेळीचंच होतं. पण तोवर त्यातला एक तुकडाही कुणाच्या पोटात जाण्यासारखा उरला नव्हता.

एका बोकडाचं अकरा-बारा किलो मटण धरलं, तर ही पावणेदोनशेच्या आसपास जनावरं होतात. राजस्थानातल्या कुणीतरी ती वर्षभर चारली, पाजली, राखली. त्यांनी खाल्लेला पाला, प्यायलेलं पाणी, राखणाऱ्याच्या उन्हातल्या चालण्याचे कोस, सगळं खोक्यांसकट गेलं. बातम्यांत अफवेची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र तेव्हापासून त्या गाडीचे दोन दिवस टोचत राहिले आहेत. बर्फाच्या भरवशावर अर्धा देश ओलांडून आलेलं मांस फलाटावर उतरतं, तेव्हा ते कसलं आहे हे ठरवायलाही पुरेसा वेळ त्याच्याजवळ नसतो. अफवेनं केलं ते शेवटचं काम. नासाडी आधीच सुरू झालेली होती.

शेळी-मेंढीच्या मांसातली नासाडी आणि तूट हा या पुस्तकाचा विषय. ते मराठीत आहे, मराठी मेंढपाळासाठी, शेळीपालकासाठी, खाटकासाठी आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसासाठी आहे. मग प्रस्तावनेत चेन्नई कशाला, असं कुणी विचारील. विषयाच्या सगळ्या कड्या एका शहरात हाताला लागाव्यात असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही. वेपेरीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ पासूनचं आहे. माधवरमला तमिळनाडूचं पशुवैद्यक विद्यापीठ १९८९ मध्ये उभं राहिलं. अड्यारला केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून आहे. पुळियंतोपचा महापालिकेचा कत्तलखाना आहे, पेरियमेटची कातड्यांची पेठ आहे. क्रोमपेट या उपनगराचं तर नावच क्रोम लेदर कंपनीवरून पडलेलं आहे. शहराच्या वेशीपासून चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूरकडे निघालं की तांबूस अंगाची, लोकरीऐवजी केस असलेली मद्रास रेड मेंढी रस्त्याकडेला चरताना दिसते. ज्ञान आहे, संस्था आहेत, बाजार आहे, खाणारे तर आहेतच. एवढं असूनही जिथे नासाडी होते, तिथे तिची कारणं स्पष्ट दिसतात. अज्ञानाची सबब तिथे पुरत नाही.

आणि चेन्नई आपल्याला अगदीच परकी नाही. तमिळ मुलुखात तीनशे वर्षांहून जास्त काळ मराठी बोलली गेली आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबाराशी जोडलेलं ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि त्यात मांसाच्या पाककृतीही आहेत. मटण कसं शिजवावं हे आपण त्या भूमीत बसून मराठीत लिहून ठेवलं. ते वाया कसं जाऊ द्यायचं नाही, हे लिहायचं राहिलं होतं.

आधी हिशेब मांडू, कारण या विषयात सगळा घोळ हिशेबात आहे. लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेनं २०१५ साली देशातल्या शेतमालाच्या काढणीनंतरच्या नुकसानीचे आकडे दिले. त्यात मांसाचं नुकसान २.७१ टक्के आहे. फळं-भाजीपाला आणि मासळीच्या मानानं हा आकडा लहान आणि तो पाहून निश्चिंत व्हायला होतं. पण हा आकडा मांस झाल्यानंतरचा आहे. जे करडू मांस होण्याआधीच मेलं ते त्यात नाही. गाडीत घटलेलं वजन त्यात नाही. गटारात गेलेलं रक्त, केस सुटून नासलेलं कातडं यांची गणती मांसात होत नाही. आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्नच फार छोटा आहे.

पंचवीस किलोचा बोकड घ्या. त्याचं मटण अकरा-बारा किलो. उरलेल्या तेरा किलोंत मुंडी, पाय, कातडं, काळीज-फुफ्फुस-तिल्ली, पोट, आतडी, चरबी, लिटरभर रक्त आणि पोटातला अर्धवट पचलेला चारा. या तेरा किलोंपैकी मुळात टाकाऊ काहीच नाही, हे गरिबांच्या चुलीला कधीच ठाऊक होतं. आपल्याकडे वजडी आहे, रक्ती आहे, मुंडीचा रस्सा आणि पाये आहेत. चेन्नईत बोटी आहे, आतड्यांचा कुडल कुळंबू आहे, सकाळी मिळणारं रक्ताचं रत्त पोरियल आहे, पायांचा आट्टुक्काल पाया आहे. चेट्टिनाडकडे मटण मीठ-हळद लावून उन्हात वाळवतात, त्याला उप्पुकंडम म्हणतात. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरात मांस वाळवून ठेवण्याची रीत कशी होती, ते शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात लिहून ठेवलं. या सगळ्या पदार्थांमागे एकच शहाणपण आहे: वेळ निघून जायच्या आत काहीतरी करा.

हीच या पुस्तकाची किल्ली आहे आणि ती वाचकानं हातात धरूनच पुढची पानं उलटावीत. जनावराचा कोणताही भाग जन्मानं टाकाऊ नसतो. त्याची वेळ टळली की तो टाकाऊ होतो. प्रत्येक भागाची वेळ वेगळी आहे.

रक्ताची सगळ्यात कमी. काही मिनिटांतच ते गोठू लागतं. तेवढ्यात ते स्वच्छ भांड्यात धरलं तर अन्न आहे, नाही तर वाळवून खत आहे, पशुखाद्याचा कच्चा माल आहे. फरशीवर सांडलं की ते पाण्याबरोबर गटारात जातं, आणि मग नुसतं वायाही जात नाही, तर उलटून अंगावर येतं. रक्ताला कुजताना पाण्यातला जो प्राणवायू लागतो, तो घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असतो. शेकडो जनावरांचं रक्त रोज ज्या नाल्यात जातं, तो नाला मेला म्हणून समजावं. उत्तर चेन्नईतल्या नाल्यांच्या काठानं चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्याच्या आसपास राहणाऱ्यांनाही नाही.

कातड्याला तीन-चार तास मिळतात, चेन्नईच्या मेमध्ये त्याहून कमी. तेवढ्यात मीठ लागलं नाही, तर केस सुटू लागतात, आणि केस सुटलेल्या कातड्याचा भाव पडलाच. कातड्यावर मी जरा थांबणार आहे, कारण चेन्नई कळते ती कातड्यातून. मराठीत आपण कातडं ‘कमावतो’. पैसा कमावतात तसंच. भाषेनं या कामाला दिलेला हा मान समाजानं ते करणाऱ्या माणसांना दिला नाही, याची खंत इथे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे कातडी कमावायला बाभळीची साल वापरली. तमिळ मुलुखात आवारमची साल वापरली. आवारम म्हणजे आपला तरवड, माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारा. त्या सालीत कमावलेली शेळ्या-मेंढ्यांची कातडी मद्रास बंदरातून एकोणिसाव्या शतकापासून विलायतेला जात होती. स्वातंत्र्यानंतर अड्यारच्या संस्थेत वाय. नायुडम्मा यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेतलं ज्ञान कमावणाऱ्यांच्या हौदापर्यंत नेण्याचा ध्यास घेतला. कातडं चर्मकारखान्यात येतं तेव्हा बिघडलेलं नसावं, ही त्या धंद्याची पहिली अट आहे. बिघाड मात्र होतो फार आधी, कत्तलखान्यात आणि त्याहीआधी रानात. काट्यांचे ओरखडे, गोचिडांचे डाग, देवीच्या रोगाचे व्रण हे रानातले. सोलताना सुरी लागून पडलेली खाच ही कत्तलखान्यातली. पोटाशी चीर दिल्यावर सुरी बाजूला ठेवून मुठीनं कातडं सोडवलं, तर खाच पडत नाही. जाणता खाटीक असंच करतो. पण ज्याला कातड्याच्या दर्जाप्रमाणे पैसे मिळत नाहीत, त्यानं मूठ का दुखवावी? सुरीची एक खाच वाचवण्याचा मोबदला खाटकाला मिळत नाही, तो तीन व्यापाऱ्यांपलीकडे कुणाला तरी मिळतो. या धंद्यातली निम्मी नासाडी मला या एका गाठीत अडकलेली दिसते: काळजी एकानं घ्यायची आणि फायदा दुसऱ्याला.

मिठाचीही गोष्ट सरळ नाही. कातडं टिकवायला त्याच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. कारखान्यात ते धुतलं जातं आणि पाण्यात जातं. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या पालार नदीच्या खोऱ्यातल्या गावांनी ते भोगलं, विहिरी खारट झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेल्लूर परिसरातल्या चर्मोद्योगाच्या प्रदूषणावर दिलेला निकाल आजही पर्यावरणाच्या कायद्यात पायाभूत मानला जातो. एक नासाडी थांबवायला दुसरी जन्माला घातली तर हिशेब जुळत नाही. कातडं लवकर थंड करता आलं, कारखान्यापर्यंतचं अंतर कमी झालं, तर मीठ कमी लागतं. इथेही प्रश्न तासांचाच आहे.

आतड्यांना तर आपण पार विसरलो. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात आतड्याची असे. मेंढीच्या आतड्यापासूनच शस्त्रक्रियेचा धागा बनत आला. बारीक सॉसेजचं वेष्टण आजही त्याचं होतं. पण हे सगळं आतडी तातडीनं रिकामी करून धुतली तरच. पोटातला चारा दोन-तीन किलो निघतो. तो बायोगॅसला उत्तम, पण बहुतेक ठिकाणी कचऱ्याच्या गाडीत जातो.

आता खुद्द मटण. आपल्याला ताजं लागतं. टांगलेल्या धडातून समोर कापून दिलेलं, हाताला ऊब लागणारं. चेन्नईतही हेच, कोल्हापुरातही हेच. ‘फ्रीजचं मटण चामट लागतं’ ही तक्रार शिकलेली मंडळी हसण्यावारी नेतात, आणि मला ते पटत नाही. या तक्रारीत खरा अनुभव आहे. जनावर कापल्यावर स्नायू ताठरायला काही तास लागतात. त्याआधीच धड एकदम कडक थंडीत टाकलं, तर स्नायू आखडतात आणि मटण खरोखरच चामट होतं. शेळीचं धड लहान, वर चरबीचा थर पातळ, म्हणून तिच्या बाबतीत हे जास्त घडतं. धड पहिले दहाएक तास दहा अंशांच्या खाली जाऊ न देता आधी बेतानं गार करायचं आणि मग चार अंशांवर आणायचं, एवढी शिस्त पाळली तर तेच मटण मऊ राहतं आणि टिकतंही. चूक थंडीची नसते, घाईची असते. आणि उघड्यावर टांगलेल्या धडाची चूक उलटी, दिरंगाईची. पस्तीस-छत्तीस अंशांच्या दमट हवेत जिवाणूंची संख्या विसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. सकाळी सहाला टांगलेलं धड दुपारी बाराला तेच राहिलेलं नसतं, कितीही ताजं म्हटलं तरी.

मटण लवकर नासण्याचं आणखी एक कारण दुकानात दिसत नाही, कारण ते रस्त्यात घडलेलं असतं. घाबरलेल्या, दमलेल्या, उपाशी जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. ती असेल तर कापल्यावर मांस थोडं आंबट होतं आणि त्या आंबटपणामुळे टिकतं. ती नसेल तर मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर बिघडतं. चेन्नईला मेंढरं आंध्रातून, तेलंगणातून ट्रकनं येतात. दहा-बारा तासांच्या प्रवासात जनावराचं पाच ते दहा टक्के वजन घटतं, म्हणजे पंचवीस किलोमागे सव्वा ते अडीच किलो. त्यातलं काही पोटातलं, पण प्रवास लांबला की अंगातलंही. लोकर नाहीतर कातडं मुठीत धरून ओढलं की खाली रक्त साकळतं आणि तेवढं मांस कापून टाकावं लागतं. १९७८ चे वाहतुकीचे नियम सांगतात की गाडीच्या तळाशी किमान पाच सेंटिमीटर गवत-काडाचा थर असावा. २००१ चे कत्तलखान्याचे नियम सांगतात की जनावराला कापण्याआधी चोवीस तास विश्रांती द्यावी, आणि एका पशुवैद्यकानं तासाला बारा व दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत. दयेपोटी केलेले हे नियम हिशेबालाही पक्के आहेत. रविवारच्या पहाटे मटणाच्या रांगा पाहिलेल्या कुणालाही विचारा, हे आकडे किती ठिकाणी पाळले जात असतील.

त्या पशुवैद्यकाच्या टेबलावर आणखी एक गोष्ट वाया जाते, आणि मला ती सगळ्यांत महाग वाटते. कलेजीत चपटे कृमी सापडले की ती कलेजी फेकली जाते. फुफ्फुसात पाण्याच्या गाठी सापडल्या की तेही जातं. बरोबरच आहे. पण ते जनावर ज्याच्या कळपातलं होतं, त्याला हे कधीच कळत नाही. त्याच्या गावच्या तळ्याकाठी गोगलगायी आहेत, तिथे चरल्यानं कृमी होतात, पावसाळ्याच्या शेवटी औषध पाजलं तर पुढच्या वर्षी वीस कलेज्या वाचतील, ही बातमी कत्तलखान्यात जन्मते आणि तिथेच मरते. आपल्या आठवडी बाजारांतही तेच. रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, वजन नजरेनं ठरतं, काटा नसतोच. ज्याचं जनावर कधी काट्यावर चढलं नाही, त्याला आपली तूट किती हे कळायचं कसं? चेन्नईच्या कत्तलखान्यातली एक ओळ राजस्थानच्या, नेल्लूरच्या किंवा माणदेशातल्या मेंढपाळाच्या फोनवर पोचवायला आज काहीच अवघड नाही. ते होत नाही याचं कारण एवढंच की ती ओळ पोचवणं हे कुणाचंच काम नाही. या पुस्तकाच्या वाचकांपैकी कुणी ते आपलं काम म्हणून हाती घेईल, अशी माझी मनापासूनची आशा आहे.

रोगराईवर पुस्तकात सविस्तर येईलच. इथे फक्त एकाची ओळख करून देतो, कारण त्याचं भारतातलं पहिलं ठिकाण चेन्नईपासून दूर नाही. १९८७ साली विळुप्पुरम जिल्ह्यातल्या अरसूर गावच्या मेंढ्यांत एक साथ आली: ताप, तोंडात फोड, नाक-डोळ्यांतून पू, मग हगवण. ती पीपीआर निघाली, गुरांच्या बुळकांडीच्या जवळची. आज ती देशभर आहे आणि लहान करडं-कोकरं पटापटा उचलते. अरसूरच्याच विषाणूपासून माधवरमच्या विद्यापीठानं लस तयार केली. एका टोचणीनं काही वर्षांचं संरक्षण मिळतं. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली आणि पीपीआर २०३० पर्यंत संपवायची असं आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठरवलं आहे. लस थंड पेटीतून कळपापर्यंत वेळेत पोचली पाहिजे. मटणाला जी थंडीची साखळी लागते, तीच लसीलाही लागते, आणि ती त्याच रस्त्यांवर, त्याच उन्हात तुटते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात चौदा कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास शेळ्या आणि सात कोटी बेचाळीस लाखांच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. ही बहुतेक जनावरं अशा माणसांच्या दारात आहेत, ज्यांच्याजवळ जमीन थोडी किंवा नाहीच. त्यांच्यासाठी शेळी म्हणजे मुलीची फी, औषधाचा खर्च, अडीनडीची बँक. म्हणून या पुस्तकातली प्रकरणं कत्तलखान्यापासून सुरू होत नाहीत, ती गोठ्यापासून सुरू होतात. मी एग्मोरच्या फलाटावरून मागे मागे जात होतो आणि शेवटी गोठ्यातच पोचलो.

पहिलं प्रकरण रात्रीचं आहे. शेळी व्यायली आहे, पाऊस पडतोय, करडू ओलं आहे, वजन दोन किलोच्या आत. ते फडक्यानं कोरडं करायचं, नाळेला आयोडीन लावायचं, आणि उभं राहण्याची वाट न पाहता, पहिल्या तासाभरात चीक त्याच्या तोंडात जाईल असं पाहायचं. आईच्या दुधाला तोवर उतार नसेल तर दुसऱ्या व्यायलेल्या शेळीचा चीक पाजायचा. करडाच्या आतड्याला चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं फक्त पहिल्या दिवसात घेता येतात आणि ती ताकदही तासातासानं कमी होत जाते. सकाळ होईपर्यंत थांबलं, तर अकरा किलो मटण, एक कातडं आणि एका घराचे सहा महिने तिथेच, त्या ओल्या पोत्यावर संपलेले असतात.